मूळ रक्कम

"भाजीत मीठ नाही," बाबा म्हणाले.

"डॉक्टरांनी नको सांगितलंय ना," सूनबाई म्हणाली आणि रिकामं ताट उचलून आत गेली.

समोरच्या खुर्चीत बसलेला पट्टी हे सगळं कौतुकानं बघत होता. बाबा नोकरीला होते त्याच कारखान्यात तो ड्रॉइंग काढायचा, म्हणून पट्टी. निवृत्त झाल्या झाल्या त्यानं घर आणि पुंजी मुलांच्या नावावर करून टाकली होती. हल्ली वृद्धाश्रमात राहायचा, आणि मुलं त्याचा फोन उचलायची नाहीत.

"नशीबवान आहेस लेका," पट्टी म्हणाला. "सून अशी. मुलगा कामावरून फोन करून विचारतो, जेवले का म्हणून. माझ्याकडे कुत्रं फिरकत नाही."

बाबांनी खांदे उडवले. त्यांना या काळजीचं काही वाटत नसे. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला तेव्हा सूनबाई दवाखान्यात त्यांच्या उशाशी ठाण मांडून बसली होती. शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिचे सुजलेले डोळे पाहिले, आणि मनात एवढंच आलं की व्यवस्था नीट चाललीय.

"नशीब कसलं घेऊन बसलास? व्यवस्था आहे ती."

बाबा जन्मभर पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. जुनं बेअरिंग जमा केल्याशिवाय नवं द्यायचं नाही, मग समोर साहेब का असेना! घरातही तोच खाक्या. शेअर बाजाराच्या वाऱ्यालाही ते उभे राहत नसत. पगारातून उरेल ते मुदतठेवीत टाकलं, आणि निवृत्त झाल्यावर सगळं उचलून एका विमा कंपनीच्या पेन्शन योजनेत. मरेपर्यंत दरमहा पेन्शन. मुलाला तेव्हा स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं. त्यानं एकदाच विचारलं, पुन्हा विषय काढला नाही. आता तो दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये राबत होता आणि घर बरंचसं बाबांच्या पेन्शनवर चाललं होतं.

"कसली रे व्यवस्था?" पट्टीनं विचारलं.

बाबांनी कानोसा घेतला. स्वयंपाकघरात नळ चालू होता.

"मुलाला मी तेव्हाच सांगून ठेवलंय. मी आहे तोवर पेन्शन. मी गेलो की सगळं कंपनीच्या घशात, तुम्हाला छदाम मिळणार नाही. मग जपतील नाही तर काय करतील?"

"आणि खरंच तसं आहे?"

"वेडा आहेस का? कुणाच्या घशात फुकट घालणारा माणूस आहे का मी? माझ्यामागे मूळ रक्कम मुलाला मिळणार, सगळीच्या सगळी. पण ते त्यांना आत्ताच कळलं, तर माझ्या उशाशी बसेल कोण?"

पट्टी हसला नाही. "म्हणजे तिची तुझ्यावर माया आहे की नाही, हे तुला ठाऊकच नाही."

"कशाला ठाऊक हवंय? गोळ्या वेळेवर मिळतायत."

नळ बंद झाल्याचं बाबांच्या तेव्हा लक्षात आलं. सूनबाई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"काका, साखर चालते ना तुम्हाला?" तिनं पट्टीला विचारलं.

पट्टी चहा पिऊन निघून गेला. बाबा पलंगावर जाऊन बसले. बऱ्याच वर्षांनी त्यांना काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती. तिनं ऐकलं असेल, तर आता आपण जिवंत असण्यात तिचा तोटा होता.

संध्याकाळी मुलगा घरी आला. स्वयंपाकघरात दोघं हळू आवाजात बोलत राहिली. बाबांनी कान टवकारले, पण शब्द कळेना.

मग सूनबाई गोळी आणि पाणी घेऊन आली. रोजची गोळी पांढरी असायची. ही पिवळट होती.

"ही वेगळी दिसते."

"दुकानात ती नव्हती. दुसऱ्या कंपनीची दिलीय, औषध तेच आहे."

"ठेव. नंतर घेतो."

पण ती गेली नाही. बाबांनी गोळी मुठीत घट्ट धरली होती. तिनं त्या मुठीकडे पाहिलं आणि पलंगाच्या कडेवर बसली. एरवी ती त्यांच्यासमोर अशी बसत नसे.

"बाबा, दुपारचं मी ऐकलं."

बाबा भिंतीकडे सरकले.

"पण त्यात नवीन काही नव्हतं. पेन्शन सुरू झाली त्याच वर्षी विम्याच्या एजंटबाई आल्या होत्या. तुम्ही फिरायला गेला होतात. तुमच्यामागे सगळे पैसे आम्हाला मिळणार, हे त्यांनीच सांगितलं." तिनं पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. "हे म्हणाले, बाबांना कळू देऊ नकोस. आपण सगळं पैशासाठी करतोय असं समजूनच त्यांना शांत झोप लागत असेल, तर लागू दे."