कोरडं काम

दार उघडलं तेव्हा सासूबाई नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या मागचं घर दिसत नव्हतं. स्वयंपाकघरातून पांढरी धूळ लोळत बाहेर येत होती. आत मशीन किंचाळत होतं.

“आलीस? ओटा बसतोय आपला,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या खोलीचं दार लावून घेतलंय हो मी, काळजी करू नकोस.”

ती चपला न काढताच आत गेली. कारागीर उकिडवा बसून दगड कापत होता. भुवया, चष्मा, मिशा, सगळा पिठात घोळल्यासारखा. मशीनला पाण्याची नळी होती, पण ती गुंडाळून सुतळीनं करकचून बांधली होती.

तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन घरघरत थांबलं.

“पाणी का नाही सोडलं?”

“आजी नको म्हणाल्या.”

“चिखल होतो गं,” सासूबाई दारातूनच म्हणाल्या. “आत्ताच कुठे फरशीला पॉलिश केलंय. धुळीचं काय, झाडली की गेली.”

“कुठे गेली, आई? या माणसाच्या छातीत गेली.”

दगड कापणाऱ्यांची फुप्फुसं आणि तो दगड विकत घेणाऱ्यांची मनं, या दोन्हींवर तिचं संशोधन चालू होतं. कामगाराची तब्येत सांभाळून केलेला माल असेल, तर चार पैसे जास्त द्याल का, असं ती घरोघरी विचारत फिरायची. सगळे हो म्हणायचे. सरावासाठी घेतलेल्या पहिल्या मुलाखतीत सासूबाईही हो म्हणाल्या होत्या. वर, “माणुसकी म्हणून काही आहे की नाही,” असं तिलाच सुनावलं होतं.

तिनं नवऱ्याला फोन लावला.

“हाच कारखान्यात बनवलेला दगड का आणलास? याची धूळ सगळ्यात वाईट, म्हणून मी नको म्हटलं होतं ना?”

“अगं, साधा दगड तेलाचे डाग धरतो. आणि आपण एकट्यांनी नाही घेतला म्हणून तो कारखाना बंद पडणार आहे का?” मग आवाज खाली आला. “मी मीटिंगमध्ये आहे.”

मग ठेकेदाराला लावला. तो फारच गोड बोलला.

“पाणी वापरा ना मॅडम, आमची कुठे ना आहे? गिऱ्हाईक सांगेल तसं आम्ही करतो.”

“आणि मास्क?”

“दिलेत की. हे लोक घालत नाहीत, त्याला मी काय करू?”

तिनं कारागिराकडे पाहिलं. त्यानं खिशातून घडी घातलेला मास्क काढून दाखवला. “घातला की चष्म्यावर वाफ धरते, ताई. रेघ दिसत नाही. रेघ चुकली तर दगड माझ्या माथी.”

प्रत्येकाचं उत्तर तयार होतं, आणि एकही उत्तर धड खोटं नव्हतं. तिला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं.

“घरात कुणाला दम लागतो का?” तिनं विचारलं.

“भावाला. हेच काम करायचा. आता जिना चढवत नाही त्याला.”

“मग?”

“तो विड्या ओढायचा ना, ताई. मी नाही ओढत.” हे त्यानं अगदी निर्धास्तपणे सांगितलं.

तिनं सुरी घेतली, सुतळी कापली आणि नळीचं टोक स्वतःच नळाला जोडलं.

पाणी सुरू झालं तसा मशीनचा आवाज बसला. हवा निवळली. खिडकी दिसू लागली, मग खिडकीतलं झाड. आणि राखाडी चिखल स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून पॉलिश केलेल्या फरशीवर शांतपणे पसरला.

सासूबाईंनी पाय सोफ्यावर घेतले. “आता हे कोण निस्तरणार?”

“मी.”

“निस्तर मग. माझ्याच्यानं हे बघवत नाही. मी बसते जरा शेजारच्यांकडे जाऊन.”

ती गुडघ्यांवर बसून पुसत राहिली. फडकं पिळलं की बादलीचं पाणी सिमेंटसारखं व्हायचं. चिखल सोफ्याखाली गेला, कपाटाखाली गेला. सासूबाईंचं एक म्हणणं तर खरं होतं, की हा चिखल झाडून जाणारा नव्हता. कंबर मोडली, पण दगड संपेपर्यंत नळी सुरू राहिली.

काम झाल्यावर कारागिरानं मोरीत तोंड धुतलं. पिठाखालून निघालेला चेहरा तिच्या अंदाजापेक्षा खूपच तरुण होता.

“आज बरं वाटलं, ताई,” तो म्हणाला. “नाक मोकळं राहिलं.”

“मग रोज असंच करत जा.”

“गिऱ्हाईक म्हणेल तसं.” त्यानं मशीन उचललं. “शेजारच्यांचा ओटा घ्यायचाय आता. तुम्ही हा दगड ठरवलात, म्हणून त्यांनीही हाच घेतला.”

तो गेला. तिचा शेवटचा कोपरा पुसून व्हायच्या आत भिंतीपलीकडून मशीन किंचाळलं. बसलेला आवाज नव्हता तो. कोरडा, कान फाडणारा होता.

हातातलं फडकं तसंच घेऊन ती बाहेर धावली. शेजारच्या दारावरची बेल दाबली. परत दाबली. मग अंगठा काढलाच नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. शेजारीणबाई नाकाला ओढणी लावून उभ्या होत्या. डोळे मात्र हसत होते.

“तुमच्याकडे फार चिखल झाला ना हो? तुमच्या सासूबाई आल्या, म्हणून वेळेवर कळलं. आम्ही नळी सोडूच दिली नाही.”