उजवा हात

एकूण एक हात वर झाले. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या पाहुण्या शिक्षकांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. लुआबाईंच्या जिवात जीव आला. आजचा पाहणीचा धडा नीट पार पडला, तरच जिल्ह्याच्या उत्तम शिक्षकांत त्यांचं नाव लागणार होतं.

खूण सोपी होती. येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. पाहुण्यांना हातांचं रान दिसतं, बाईंना मात्र कुणाला उठवायचं ते कळतं. वर्षभर वर्गात हीच रीत होती; आजच्यासाठी तालीम कालच झाली होती.

फळ्यावर इंग्रजी वाक्यं होती. अर्थ तोच ठेवून रूप पालटायचं. खोआने एक पालटलं, लिएनने दुसरं. मग शेवटचं वाक्य आलं : तिला कुणी बोलावलं नाही, म्हणून ती आली नाही.

शेवटच्या बाकावर त्रामचा हात वर होता. उजवा.

बाई चपापल्या. त्राम वर्षभर डावा हात वर करणारी. 'उद्या घरी राहिलीस तरी चालेल,' असं त्यांनी तिला काल सुचवूनही पाहिलं होतं. तरी ती आली होती, गणवेशाचा गळ्यातला लाल रुमाल इस्त्री करून. पोरीची गल्लत झाली असणार. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागेल?

"खोआ, तू सांग."

"तिला कुणी बोलावलं असतं, तर ती आली असती," खोआने इंग्रजीत घडाघडा सांगितलं. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत त्रामचा हात वरच होता.

पाहुणे चहाला गेले. विन्हसर तेवढे रेंगाळले. बाईंना शाळेत इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं. आता निवृत्त होते, म्हणून मानाने बोलावलेले.

"धडा सफाईदार झाला हं, पोरी," ते म्हणाले. "पण ती मागच्या बाकावरची... उजवा होता की तिचा."

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुम्हाला कसं कळलं, सर?"

"अगं, ही युक्ती काय तू काढलीस? माझ्या वर्गात तुझा कायम डावा असायचा. एकदाच उजवा केलास. मला वाटलं, चुकला असेल."

तो दिवस बाई विसरल्या नव्हत्या. विसरल्या नव्हत्या, तरी आज त्यांनी तेच केलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगातल्या आओ यायची, त्या खास दिवसाच्या लांब झग्याची, रेशमी बाही चुरगाळत त्या फळ्यावरच्या शेवटच्या वाक्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणे नव्हते. बाईंनी तेच वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलं. उत्तर काल साऱ्या वर्गाने ऐकलेलं होतं.

"कोण सांगेल?" बाईंनी विचारलं, आणि खडू पुढे धरून थेट शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

त्रामने हात वर केला. डावा.