सवतीची साडी

मायाक्काने सवतीसाठी हिरवी साडी निवडली आणि दुकानदाराला सांगितलं, "बघण्याच्या कार्यक्रमाची हाय, घडी नीट घाला."

बाहेर सासू बसव्वा नारळ घेऊन उभी होती. मोडनिंबची एसटी तासाभरात होती. नवरा बाळासो चिंचोळीच्या कारखान्यातून रजा काढून आला होता, वर गुळगुळीत दाढी करून. बोहल्यावर चढायचं म्हटल्यावर माणूस दाढी करणारच, असं मायाक्काला वाटलं.

मुलगी तिच्याच मामाची, सुकन्या. नवऱ्याने सहा महिन्यांत टाकलेली. परकी येऊन आपल्याला हाकलणार, त्यापेक्षा आपल्या रक्ताची बरी, ही अक्कल मायाक्काचीच. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पण धोंडा कधी पडतोय याची चौदा वर्षं वाट बघितली, की माणूस त्यालाही तयार होतो.

एक मुलगी, एक मुलगा झाला म्हणून बाविसाव्या वर्षी तिने ऑपरेशन करून घेतलं होतं. आठच महिन्यांत मुलगा तापाने गेला. बाळासो तेव्हा आठवडाभर कामावर गेला नाही, पाण्याची घागरसुद्धा उचलली नाही. दुःखाने, असं तिने धरलं. बसव्वाने मात्र वंशाचं तुणतुणं लावलं, ते आजतागायत.

तिची कंबर तेव्हापासून जी धरली ती धरलीच. डॉक्टर म्हणायचे, कंबरेत काही नाही. कुणाच्या ओटीभरणाला जाणं तिने बंद केलं. कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. नवऱ्याला अर्धा तास उशीर झाला, की आज दुसरीला घेऊनच येणार, या भीतीने ती ताट झाकून उंबऱ्यात बसून राही.

"तुमाला चालंल न्हवं?" काल तिने विचारलं होतं.

"चल की. एकदाचं मिटवून टाकू," तो म्हणाला होता.

आज सोक्षमोक्ष लागणार म्हणून एसटीत तिला चक्क झोप लागली.

मोडनिंबला मामांनी चहा दिला. सुकन्या मान खाली घालून बसली होती. मायाक्काने तिच्या मांडीवर साडी ठेवली आणि बाजूला सरकली.

"देवळात हार घालू, पाव्हणं," मामा म्हणाले. "वरसाच्या आत पाळणा हलला म्हंजी झालं."

बाळासोने कप खाली ठेवला. "पाळणा न्हाय हलायचा, मामा. माझंबी ऑपरेशन झालंय, नसबंदीचं. बोलाया लाज वाटत हुती."

मायाक्काला एकदम हायसं वाटलं, इतकं की तिने तोंडाला पदर लावला, हसू दिसू नये म्हणून. सुकन्यानेही मान वर केली. तीही सुटल्यासारखी दिसत होती.

"अय्यो, पुरुषासारखा पुरुष आन् हे काय करून बसलास!" बसव्वा ओरडली. "कवा केलंस रं?"

"पोरगं गेलं, त्याच महिन्यात," बाळासो म्हणाला. "हिच्या उरावर तू सवत आणशील, हे मी तवाच वळखलं हुतं."