जुन्या जातीची प्रिमरोझ

शोभा दोन्ही हातांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधून प्रिमरोझच्या कुंड्या सरकवत होती. तिचा नवरा काशिनाथ मागच्या दाराआडून पाहत होता. स्वतः लावलेल्या झाडांना कुणी असं घाबरतं का?

सुरतेच्या उधन्यात, त्या उकाड्यात, ही थंड हवेची फुलं जगवणं सोपं नव्हतं. तिचा भाऊ योगेश महाबळेश्वरच्या एका नर्सरीत कामाला होता. तो दिवाळीनंतर रोपं पाठवायचा आणि ती ओल्या गोणपाटाच्या सावलीत वाढवायची. एकीला हिरवट झालर, एक फिकी जांभळी, एक थेट विटेच्या रंगाची. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, पण शोभा कुणाला हात लावू द्यायची नाही.

काशिनाथच्या हातांवर पुरळ उठलं ते याच हिवाळ्यात. आधी बोटं सुजली, मग मनगटापर्यंत फोड आले. बावीस वर्षं तो कापड मिलच्या रंगखात्यात कलर मास्तर होता. नमुन्याची चिंधी एकदा पाहिली की हुबेहूब तोच रंग उतरवायचा. पण असले हात कापडाजवळ कोण येऊ देणार? मिलच्या शेठने त्याला गेटवर बसवलं. तिथल्या मोकळ्या हवेत त्याचा जुना खोकला तेवढा कमी झाला. हात मात्र बरे होईनात.

रविवारी शोभा फोनवर हळू आवाजात बोलत होती. "नवी जात नको रे. तिच्याने काही होत नाही. जुनीच पाठव, पानांवर लव असलेली."

"काय होत नाही?" त्याने विचारलं.

ती दचकली. "फुलं. फुलं टिकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्याच्या टॉवेलच्या घडीत चुरगळलेलं पान सापडलं. तेव्हापासून तो तिच्या हातचा चहाही आधी हुंगायचा. पान कागदात गुंडाळून तो कातडीच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी पानाचा तुकडा दंडावर चिकटवला. दोन दिवसांनी तिथेही तेच फोड उठले.

"या पानाची लव काहींना सोसत नाही," डॉक्टर म्हणाले. "घरात आहे का हे झाड?"

काशिनाथ घरी आला तो थेट कुंड्यांपाशी.

"कधीपासून करतेस हे?"

शोभाने कुंडी खाली ठेवली. "दिवाळी झाल्यापासून."

"मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

तिने सावकाश हातांच्या पिशव्या सोडल्या.

"तुमच्या छातीचा फोटो काढला, तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला एकटीला थांबवलं होतं. रंगाच्या वाफेत अजून एक वर्ष काढलं तर माणूस हाती लागायचा नाही म्हणाले. मी किती वेळा सांगितलं, खातं सोडा. तुम्ही म्हणायचात, साधा खोकला आहे."

काशिनाथने आपल्या हातांवरच्या फोडांकडे पाहिलं.

"छातीतलं कुणाला दिसत नाही," ती म्हणाली. "शेठला दिसेल असं काहीतरी हवं होतं."