मांडवातला फोटो

"ह्यो न्हाय," म्हणत नागूबाईनं तिसरा फोटो पालथा टाकला. "डोळ्यात राग हाय ह्याच्या."

नळदुर्ग छायाचित्र मंडळाची रविवारची बैठक शाळेच्या वर्गात भरली होती. साल एकोणीसशे एकोणसाठ. सभासद अकरा आणि अख्ख्या मंडळात मिळून एक बॉक्स कॅमेरा. तोवर मंडळानं किल्ल्यातला पाणीमहाल इतक्या बाजूंनी टिपला होता, की श्रीमंत नावाचा सभासद कारकून म्हणायचा, "आता महालच तोंड फिरवतोय."

मग महिन्यापूर्वी अणदूरहून ही नागूबाई आली. कपाळाला भंडारा, आवाज खणखणीत. पोरीचं लग्न ठरलं होतं, पण तामलवाडीच्या पाव्हण्यांची एक अट होती : मांडवात बापाचा फोटो दिसला पाहिजे, न्हायतर सोयरीक मोडली. आणि नागूबाईकडं मालकाचा एकही फोटो नव्हता.

"तसा दिसणारा माणूस शोधू आणि त्याचाच काढू," चिटणीस वसंतराव मास्तर म्हणाले. मंडळाला तरी दुसरा उद्योग कुठं होता!

श्रीमंतानं वही उघडली. "मालकाचं नाव?"

"बायामाणसाला असं इचारत्यात व्हय?" नागूबाईनं पदर तोंडाला लावला.

"बरं, राहायचे कुठं?"

"दोन म्हैने हितं नळदुर्गात, बाकी अणदुरात. मिशा हायत, पांढरं घोडं हाय त्येंचं."

"हाय?" श्रीमंतानं मान वर केली. मास्तरांनी त्याला डोळ्यांनी दटावलं. गेलेल्या माणसाला अजून 'हाय' म्हणते बिचारी! श्रीमंतानं वहीत लिहिलं : 'दोन गावी बस्तान. बहुधा देशमुख.'

झालं. मंडळ मिशा शोधत सुटलं. हैदराबाद रस्त्यावर ट्रक थांबला की ड्रायव्हरला खाली उतरवायचं. वीरप्पा गूळवाला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा नापास झाला. फोटो सोलापूरहून धुऊन आले की टेबलावर पसरायचे. बाई एकेक उचलून उजेडाकडं धरायची. एका रविवारी मिशी जाड पाहिजे, तर दुसऱ्या रविवारी बारीक.

"ह्यो हात उगारत असंल." "ह्यो पोरीला मांडीवर घ्यायचा न्हाय."

"चेहरा विसरत चाललीय," श्रीमंत कुजबुजला.

"होतं असं," मास्तर म्हणाले.

तरी ते रविवार सोन्याचे. पाणीमहाल सोडून माणसं बघायला मंडळ तेव्हा शिकलं, असं श्रीमंत म्हातारपणीसुद्धा सांगायचा.

लग्नाला दहा दिवस उरले. त्या रविवारी शरणप्पा शिंपी खुर्चीत लाकडासारखा ताठ बसला होता. "अरे, असं नाही," म्हणत मास्तरांनी त्याला उठवलं, चष्मा काढला, त्याचा पटका आपल्या डोक्यावर ठेवला आणि स्वतः बसून दाखवलं.

नागूबाई उठून उभी राहिली.

"ह्येच."

"अहो बाई, मी तर—"

"ह्येच मालक."

जन्मभर कॅमेऱ्यामागं उभ्या राहिलेल्या बिनलग्नाच्या मास्तरांचा पहिला फोटो असा निघाला. खटका दाबताना श्रीमंताला हसू आवरेना. हात हलला म्हणून दुसरा काढावा लागला.

लग्नात मास्तर चष्मा लावून मागच्या रांगेत बसले. मांडवात हार घातलेला फोटो. "भला माणूस दिसतोय," वरबाप म्हणाला आणि त्यानं हात जोडले. अख्खं अणदूर रांगेनं फोटोच्या पाया पडलं. कुणी हूं की चूं केलं नाही. नवरीनं डोकं टेकलं, तेव्हा मागच्या रांगेत मास्तरांचा हात नकळत वर गेला.

शेजारी नागूबाईची मावशी, गजराबाई, डोळे पुसत होती.

"त्यांची आठवण आली का?" मास्तरांनी हळूच विचारलं. "नागूबाईंच्या लग्नाला तुम्ही असालच."

"हुते की. म्याच कडंवर घिऊन गेले हुते तिला," म्हातारी म्हणाली. "पाच वर्साची हुती. पालखी तवा नळदुर्गातनं अणदुरात आली हुती. देवळात भंडारा उधळला आन् लावलं लगीन, खंडोबासंगं."