अबूस

अमीरुन्निसाने सीट पुढं ओढली, आरसा नीट केला आणि पट्टा बांधला. आखातात आल्यापासून लायसनच्या परीक्षेची ही तिची सहावी खेप. पिंपांमधून गाडी मागं काढणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, हे सगळं ती कधीच पास झाली होती. रस्त्यावर मात्र पाचही वेळा नापास. मागून हॉर्न वाजला की तिचे पाय थरथरायचे आणि गाडी बंद पडायची.

सकाळी निघताना तिचा नवरा हुसेन म्हणाला होता, "जरा हासत जा गो. तुझं तोंड बघूनच पोलीस नापास करतो."

साखरेनं हुसेनची नजर अधू केली होती. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरने बजावून तीन महिने झाले होते. तरी रोज संध्याकाळी तो वादी अदाईतल्या घराखाली जायचा, गाडी सुरू करायचा, पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसायचा आणि बंद करून वर यायचा. खिडकीतून ते बघणाऱ्या बाईला हसू कुठून येणार?

दार उघडून परीक्षा घेणारा पोलीस शेजारी बसला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, अब्बास. कपाळाला आठ्या. त्याने तिच्याकडे एकवार पाहिलं.

"लेश अबूस?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गावी मौलवींकडे अरबी शिकताना हा शब्द आला होता. अबूस म्हणजे कपाळाला आठ्या घालून बसणारा. त्या दिवसापासून बरोबरच्या पोरींनी तिचं तेच नाव पाडलं होतं. आणि आज हा विचारतोय, अशी अबूस का म्हणून!

तिने त्याच्या छातीवरच्या नावाकडे बोट केलं. "अब्बास, अबूस. सेम-सेम, ना?"

पोलिसाने मान खाली घालून आपल्या नावाच्या पट्टीकडे पाहिलं. झालं, सहावी खेपही गेली, असं तिच्या मनात आलं.

"सेम-सेम," तो सावकाश म्हणाला. "लेकिन तुमको आधा मालूम. अब्बास मतलब शेर. वो मूं ऐसा करता," त्याने आठ्या आणखी गडद केल्या, "तो दूसरा शेर भागता." मग समोर हात केला. "यल्ला."

तिने गाडी काढली. रुवीच्या राउंडअबाउटवर मागून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. पाय थरथरले नाहीत. तिने डावीकडून येणाऱ्या गाड्यांकडे पाहिलं, रस्ता मोकळा होईपर्यंत थांबली आणि मगच गाडी आत घातली. तिसऱ्यांदा वाजलेला हॉर्न मागंच राहिला.

परत आल्यावर पोलिसाने कागदावर सही केली. "खलास. पास."

दुसऱ्या दिवशी लायसन हातात आलं. ती घरी आली, खिळ्यावरची किल्ली काढली आणि म्हणाली, "चला." हुसेन सवयीने स्टिअरिंगच्या दाराकडे गेला.

"तिकडून," ती म्हणाली.

तो पलीकडून जाऊन बसला. लेकीची, सबीहाची शाळा सुटायला अर्धा तास होता. वादी कबीरच्या वळणावर बाजूच्या गल्लीतून पाण्याचा एक टँकर हॉर्न वाजवत अर्धा रस्त्यात घुसला. अमीरुन्निसाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

टँकर थांबला. मग हळूहळू मागं सरकला.