पाटी खाली येईपर्यंत

पांढरे पट्टे नऊ.

सासूच्या गळ्यात अडकवायला जावयाने केलेलं कार्ड, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. नाव, पत्ता, फोन. खाली लाल अक्षरांत: हरवलेली आढळल्यास कळवावे.

"हात कोणाला दाखवताय, आई? हात दाखवला की गाडी थांबायला हे काय आपलं गाव आहे? परदेश आहे हा."

जावयाच्या एका शर्टाला इस्त्री करायला सासूला सात मिनिटं लागतात. कॉलर कडक हवी असेल तर नऊ.

मोठ्या रस्त्यावर खोदकाम. गाड्या शाळेवरून वळवल्या आहेत.

"आधी पत्ता सांगा, मग दार उघडतो. मोठ्याने, आई. पाहुण्यांना ऐकू आलं पाहिजे... शाब्बास! पास!" पाहुणे हसले होते. लेक स्वयंपाकघरात गेली होती.

आठ त्रेचाळीस.

सासू रस्त्याच्या मधोमध उभी आहे. अंगात पिवळं चकचकीत जाकीट, हातात काठीवरची गोल पाटी: थांबा. पाटी वर असेपर्यंत एकाही गाडीने चाक फिरवायचं नाही. दोन आठवडे शिकवून, परीक्षा घेऊन शाळेने ही पाटी तिच्या हाती दिली आहे. घरी जावई तिला 'आमच्या सिग्नलबाई' म्हणतो.

रांगेतली पहिली गाडी राखाडी. आत जावई, कडक कॉलरचा शर्ट घालून. नऊ वाजता त्याची मुलाखत आहे, साहेबाच्या खुर्चीसाठी. सहा वर्षांनी निघालेली जागा. ऑफिस इथून पंधरा मिनिटांवर. उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. काल जेवताना त्यानेच सांगितलं होतं, "इथे नऊ म्हणजे नऊ."

मुलं पट्ट्यांवरून पार होतात. शेवटची नात. ती मध्येच थांबते.

"आजी, त्या गाडीत बाबा आहेत."

"गाडी आहे ती. तू चल."

नात पलीकडच्या फुटपाथवर चढते. रस्ता मोकळा. राखाडी गाडी जराशी गुरगुरते.

पाटी खाली येत नाही.

सासू गल्लीच्या टोकाकडे बघते आहे. तिथे एक मुलगी बुटाची नाडी बांधायला बसली आहे. चांगली साठ-सत्तर पावलं लांब. मूल येताना दिसलं की पाटी वरच ठेवायची, असा नियम आहे. पाठांतराचा तिला कधीच त्रास झालेला नाही.

मुलगी नाडी बांधते. मनासारखी जमत नाही. सोडते. पुन्हा बांधते.

सासू तिला हाक मारत नाही.

गाडीची काच खाली येते. "आई! अहो, मी आहे!"

ती मान वळवत नाही.

"आई, दिसत नाही का तुम्हाला? एक क्षण खाली घ्या ती पाटी, मी निघून जातो."

"लेकरू येतंय."

"कुठे येतंय? बसलंय ते!"

"उठेल की."

तो हॉर्न वाजवतो. एकदा. मग हात तसाच दाबून धरतो. गाडी पुढे सरकते आणि तिचं पुढचं चाक पांढऱ्या रेषेवर येतं. नाडीवाली मुलगी दचकून उठते, धावत येते, पार होते.

मागच्या गाड्या गप्प उभ्या आहेत. इथे कुणी हॉर्न वाजवत नाही. हेही तिला जावयानेच शिकवलं होतं, पहिल्याच आठवड्यात, बोट नाचवून.

सासू पाटी वर धरूनच गाडीपाशी येते. काठी काखेत आवळते. खिशातून छोटी वही काढते, बॉनेटवर ठेवते, पेनाचं टोपण दातांनी उघडते. आधी गाडीचा नंबर लिहिते. मग वेळ.

"नाव?"

"काय?"

"चालकाचं नाव. चाक रेषेवर आलं की लिहून घ्यायचं असतं."

"आई, थट्टा पुरे. माझं नाव ठाऊक नाही तुम्हाला?"

"तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. लवकर सांगा, जावईबापू, मागे लोक खोळंबलेत."

तो सांगतो. ती लिहिते, इथल्या लिपीतलं एकेक अक्षर, नातीने शिकवलं तसं गोल गोल. शेवटचं अक्षर बिघडतं. ती ते खोडते आणि पुन्हा काढते.

आठ पन्नास.

"पत्ता?"

तो तिच्याकडे बघतो. तिच्या गळ्यात कार्ड आहे. ते कार्ड नव्हे. यावर शाळेचा शिक्का आहे आणि खाली शिट्टी लटकते आहे.

"आई, आज माझ्या पोटावर पाय देऊ नका."

"पत्ता. मोठ्याने. मागच्यांना ऐकू आलं पाहिजे."

फुटपाथवर मुलांना सोडायला आलेल्या बाया थांबून बघताहेत. त्यांच्यात नात आहे, दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरून. जावई घराचा नंबर सांगतो. रस्ता सांगतो. वस्ती सांगतो.

"पिनकोड?"

तो अंदाजाने चार आकडे म्हणतो, पुढे अडखळतो. मग फोन काढून शोधू लागतो. अंगठा चुकीच्या जागी पडतो. कॉलरीखाली मानेवर घामाची रेघ उतरते.

सासू वाट बघते. टोपण दातांतच.

"सापडला," तो शेवटी म्हणतो, आणि वाचून दाखवतो.

ती आकडे लिहिते, वही मिटते, टोपण लावते.

"शाब्बास," ती म्हणते. "पास."

आठ अठ्ठावन्नला पाटी खाली येते.

इथे येण्यापूर्वी एकतीस वर्षं ती पोस्टात पत्ते वाचून पत्रं वेगळी करत होती.